गैरहजर कुसुम

पारोळा,
६ ऑगस्ट २०२४

आमच्या घरच्या नव्या विद्यार्थिनीला पारोळ्याच्या रिटायर मास्तरणीकडून आशीर्वाद.

गौरी, काल तुझा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. तू म्हणालीस, "अक्का, कॉलेजात नाव घातलं," आणि मी दूध विसरले ते विसरलेच. सगळं ओट्यावर. पण खरं सांगते, पुसताना मी एकटीच हसत होते.

आता नीट ऐक. तुझे तास मोबाइलवर होणार, घरबसल्या शिकायचं, हे सगळं छान आहे. पण परीक्षा जळगावला बाकावर बसून तीन तास पेनाने लिहायची आहे. मी कॉलेजात चौकशी केली. आणि तुझा हात मला माहीत आहे. मागे तू लोणच्याच्या पार्सलवर माझा पत्ता लिहिला होतास, तो पोस्टमनने मलाच वाचायला लावला. सुरतेत राहून राहून तू मराठी पण गुजरातीसारखं लिहायला लागलीस, अक्षरांच्या डोक्यावर रेघच नाही! दहावीनंतर तू किराणाच्या यादीशिवाय काही लिहिलेलं नाहीस, हो की नाही?

म्हणून आजपासून माझा नियम. कोर्सबद्दल फोनवर एक अक्षर बोलायचं नाही. जे सांगायचं ते पत्रात. पानं भरून लिही, काहीही लिही, पण रेघ ओढून लिही. मीही पत्रानेच उत्तर देईन.

तुला वाटेल अक्का फारच मनावर घेते. घेते बाई. पांडेसऱ्याच्या त्या मंडळाच्या बालवाडीत इतकी वर्षं तू पोरांची नाकं पुसलीस, घरोघर जाऊन त्यांना गोळा केलंस. प्रमिलाबाई येत्या उन्हाळ्यात मुलाकडे पुण्याला जाणार आणि त्यांचा वर्ग रिकामा होणार. मंडळाने स्वतःहून म्हटलंय की सर्टिफिकेट आणा, वर्ग तुमचा. अशी संधी परत येणार नाही. नाहीतर उद्या कुणी नवी पोरगी बाई म्हणून येईल आणि तू तिच्या हाताखाली परत नाकंच पुसशील. ते मला बघवणार नाही.

पहिला तास कसा झाला ते सविस्तर कळव.

तुझी नणंद कमी आणि मास्तरीण जास्त,
अरुणा

*

भेस्तान, सुरत
१७ ऑगस्ट २०२४

अक्का, पाया पडते. बघा, रेघ ओढली आहे. पट्टी ठेवून ओढली, हसू नका.

माय वं, झाला एकदाचा पहिला तास! मयुरीने शाळेतून आल्या आल्या मला फोनवर वर्गात बसवून दिलं. फॉर्मसुद्धा तिनेच भरला होता, माझ्या दहावीच्या मार्कशीटचा फोटो काढून. मला म्हणाली, "आई, आवाज बंद, कॅमेरा बंद, तू फक्त ऐक. काही सांगायचं असेल तर इथे टाइप कर." आणि गेली क्लासला. मी पदर नीट करून बसले. कॅमेरा बंद असताना पदर कशाला, पण बाई शिकवायला लागल्या म्हणजे असं वाटतंच ना?

मॅडम चांगल्या आहेत, आवाज गोड आहे. सगळ्या बायकाच आहोत, कुणी चाळीसगावची, कुणी भुसावळची, एक नवापूरची. सुरतेतली मी एकटीच. मॅडम रोज आधी हजेरी घेतात. आडनाव नाही, नुसतं नाव. गौरी म्हटल्याबरोबर मी टाइप केलं, "हजर".

एक गंमत सांगते. आमच्या वर्गात एक कुसुम आहे. मॅडमनी दोनदा हाक मारली, ती आलीच नव्हती. मला कसंसंच झालं. माहेरी माझंही नाव कुसुम होतं ना. तुम्हाला आठवतंय, लग्नात तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीने गौरी लिहिलं, आणि आत्याबाई म्हणाल्या, आजपासून ही गौरी? त्यानंतर कुसुम म्हणणारे आईबाप होते, तेही गेले. इतक्या वर्षांनी कानावर ते नाव पडलं आणि बिचारी जागेवरच नाही. वाटलं, काय झालं असेल तिला?

अडचण एकच आहे, फोन. तास चार वाजता आणि फोन ह्यांचा. हे घरी ठेवून जातात, पण काल सुपरवायझरने तीनदा फोन लावला आणि उचलला मी. मिलमध्ये ह्यांना बोलणी खावी लागली. आल्यावर जेवताना ताटाकडेच बघत होते. तुमच्या भावाचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

हात दुखायला लागला, थांबते.

तुमची गौरी

*

पारोळा,
३ सप्टेंबर २०२४

गौरीबाई, रेघ पट्टीने ओढलेली कळते आहे. परीक्षेत पट्टी घेऊन बसशील तर पहिल्या प्रश्नातच घंटा होईल. हाताने ओढ, वाकडी आली तरी चालेल.

बाकी पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या त्या कुसुमचं मनाला लागलं. मी इतकी वर्षं शाळेत काढली, पण मला विचारशील तर वर्गात बसलेल्या पोरांपेक्षा न आलेलं पोर मास्तराच्या जास्त ध्यानात राहतं. नवऱ्याने फोन दिला नसेल, सासूने मोडता घातला असेल, नाहीतर तुझ्यासारखीच घाबरून बसली असेल. तू शोध घे तिचा. तुमचा तो ग्रुप आहे ना, त्यात विचार. तू बाई होणार आहेस, तर आत्तापासूनच न आलेल्याची चौकशी करायची सवय लाव.

आणि तो कॅमेरा कधी सुरू करणार? बाईंना तुझं तोंड दिसू दे की. चांगलं गोड तोंड आहे.

दीपकचं मनावर घेऊ नकोस. तो लहानपणीही रागावला की ताटाकडे बघायचा, आणि आनंद झाला तरी ताटाकडेच बघायचा. आम्हाला कधी कळलंच नाही.

गणपतीला मोदक करशील तेव्हा माझ्या नावाचा एक मयुरीला जास्त दे.

अरुणा

*

भेस्तान, सुरत
१८ ऑक्टोबर २०२४

अक्का, उशीर झाला, रागवू नका. गणपती, मग नवरात्र, आणि रोजचा अभ्यास. हो, अभ्यास! मी स्वतःच लिहिलं आणि स्वतःलाच खरं वाटेना.

किती छान शिकवतात मॅडम! लहान पोर चावतं का, मातीत का खेळतं, एकटंच का बडबडतं, प्रत्येकाला काहीतरी कारण असतं म्हणे. मी इतकी वर्षं ह्या पोरांमध्ये काढली, मला पोरं कळायची, पण का कळतात ते आत्ता कळलं. परवा बालवाडीत एक बिहारी पोर रडत होतं, त्याला मी ओल्या कणकेचा गोळा दिला. गप्प! प्रमिलाबाई बघतच राहिल्या.

स्वाध्याय मी वहीत लिहिते, मयुरी फोटो काढून पाठवते. एकही चुकवलेला नाही.

कुसुमचा शोध लागत नाही. ग्रुपमध्ये विचारलं, कुणालाच माहीत नाही. मॅडम रोज न चुकता नाव घेतात, थोडा वेळ थांबतात, आणि पुढे जातात. मला त्या थांबण्याचं फार वाईट वाटतं. म्हणून मी एक केलंय, तुम्ही वेडी म्हणाल. मी सगळ्या नोट्स दोनदा लिहिते. एक माझ्यासाठी, एक कुसुमसाठी. कधीतरी येईलच ना ती, मग मागे पडायला नको. हातालाही वळण लागतं. बघा अक्षर कसं सुधारलंय.

कॅमेरा मात्र सुरू करता येत नाही. का, ते तुम्हालाच सांगते. गणपतीपासून ह्यांनी रातपाळी घेतली आहे. मला न विचारता, न सांगता. दिवसभर झोपलेले असतात, आणि आमची ही एकच खोली. चार वाजता मी भिंतीशी बसते आणि मागे हे बनियनवर घोरत असतात. कॅमेरा लावला तर अख्ख्या जळगाव जिल्ह्याला दिसतील.

अक्का, मला वाटतं हे नाराज आहेत. सुपरवायझरने बोलल्यापासून. रात्री घरात नको, दिवसा तोंड बघायला नको, म्हणून रातपाळी घेतली असेल. मी विचारलं तर म्हणाले, "असंच." डोळे लाल होतात त्यांचे. असं वाटतं, माझ्या शिकण्यापायी घरातलं बोलणं गेलं. इतकं महाग शिकायचं का हो?

तुमची गौरी

*

पारोळा,
८ नोव्हेंबर २०२४

गौरी,

तू मयुरीच्या दहावीमुळे आली नाहीस, पण दीपक भाऊबीजेला येऊन गेला. त्याने मला शपथ घातली आहे की हे तुला सांगायचं नाही. मी मोठी बहीण आहे, त्याच्या शपथा मी लहानपणापासून मोडत आले आहे, तेव्हा सांगते.

ओवाळून झाल्यावर मी त्याला फैलावरच घेतलं. म्हटलं, बायको शिकते तर तुझं तोंड का वाकडं? रातपाळी कशासाठी घेतलीस? आधी ताटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "दिवसपाळीत फोन खिशात ठेवावा लागतो. तिचा तास चारला. रातपाळी केली की चारला फोन घरी असतो." बस, एवढंच. मी म्हटलं, मग हे तिला सांगायला काय झालं होतं? तर म्हणतो, "सांगितलं तर ती कोर्स सोडेल."

वाचलंस? आता रडून घे आणि तोंड धुऊन ये.

खोटं कशाला बोलू, तो गेल्यावर मीही रडले. आमच्या घरातल्या पुरुषांना गोड बोलता येत नाही, पण माझा भाऊ इतका शहाणा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. तू त्याला काही बोलू नकोस. फक्त तो झोपतो तेव्हा फोनचा आवाज कमी कर आणि उठला की चहा दे.

आणि तुला वेडी म्हणू? दुसऱ्याच्या पोरीसाठी दोनदा लिहिणारी बाई ज्या वर्गाला मिळेल त्या वर्गाचं नशीब. कुसुम येवो न येवो, तू लिहीत राहा.

फराळाचा डबा दीपकबरोबर दिला आहे. अनारसे मोडले असतील तर त्याचा दोष, माझा नाही.

अरुणा

*

भेस्तान, सुरत
१९ जानेवारी २०२५

अक्का,

रेघ नाही ओढली आज. हात चालत नाही.

काल कॉलेजचा मेसेज आला. लिहिलं होतं, "कुसुम रामदास वाघ, आपली एकही उपस्थिती नाही. स्वाध्याय मात्र वेळेवर येत आहेत, ते कोण लिहिते याचा खुलासा करावा. अन्यथा परीक्षेला बसता येणार नाही." अक्का, मला आधी काय वाटलं सांगू? वाटलं, बघा, कुसुमचा मेसेज चुकून माझ्याकडे आला! मला आनंद झाला हो. म्हटलं, आता तिचा पत्ता लागेल, तिला सावध करता येईल. मी मयुरीला धावत जाऊन दाखवला.

मयुरी म्हणाली, "आई, ही तूच आहेस."

मार्कशीटवर माझं माहेरचं नाव आहे ना, कॉलेजने तेच घेतलं. मयुरीला वाटलं मला माहीत असेल. मला वाटलं आधार कार्डावर आहे तेच असेल. आणि वर्गात एक खरी गौरी आहे, चाळीसगावची. मॅडम तिला हाक मारायच्या आणि "हजर" मी म्हणायचे. मॅडम कुसुम म्हणून थांबायच्या, त्या माझ्यासाठी थांबायच्या. आणि मी इथे बसून तिची कीव करत होते!

स्वतःच्या नावाला ओ देता आली नाही मला. असं कुणाचं होतं का, अक्का? लोकांना सांगितलं तर हसतील. मॅडमनी मला पाहिलेलं नाही, आवाज ऐकलेला नाही. फोनवर नाव येतं तेही ह्यांचं, "दीपक". मी वर्गात होते हे कोण सांगणार? वर त्यांना वाटतंय की माझे स्वाध्याय दुसरंच कुणी लिहितं.

ह्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही रातपाळीचं लिहिल्यापासून मी त्यांच्याकडे बघते आणि माझं मन भरून येतं. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू की तुमच्या सगळ्या रात्री फुकट गेल्या? काल चार वाजता मी फोन उघडलाच नाही. स्वयंपाकाची भांडी उगाच घासत बसले.

मला वाटतं, झालं तेवढं पुरे. प्रमिलाबाईंना सांगते की दुसरी कुणी बघा. मी आपली पोरं आणेन, पोहोचवेन. तेच मला येतं.

तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, माफ करा.

गौरी

*

पारोळा,
२४ जानेवारी २०२५

गौरी,

काही सोडायचं नाही. ऐकलंस? सोडशील तर मी पहिल्या एसटीने सुरतेला येईन आणि तुझ्या त्या एकाच खोलीत महिनाभर राहीन. मग बघ.

अगं, पाच महिने तू मला पत्रात लिहीत होतीस की कुसुम येत नाही, माझंही नाव कुसुम होतं, आणि मी इतकी शिकलेली बाई, चष्मा लावून वाचत होते, माझ्या तरी डोक्यात प्रकाश पडला का? मग तू एकटी कशी मूर्ख? आणि नाव विसरलीस म्हणून लाजू नकोस. तुला ते विसरायला लावलं गेलं. आम्ही वाजंत्री लावून लावलं. बाईचं नाव बदलतात, आणि पुढे तिनेच कागद जुळवत बसायचं.

आता काय करायचं ते सांगते. आधी दीपकला सांग. तो काही मोडणार नाही. मग चारच्या तासाला कॅमेरा सुरू कर आणि तोंडाने बोल, टाइप करू नकोस. मॅडम विचारतील, तू होतीस कशावरून? तर जे ऐकलंस ते सांग. वर्गात बसलेल्या माणसाला वर्ग आठवतो, त्याला दुसरा दाखला लागत नाही. मी आयुष्यभर पोरांची हजेरी घेतली आहे, त्या जोरावर सांगते.

घाबरशील, रडू येईल, येऊ दे. पण रडत रडत बोल. कॅमेरा बंद करायचा नाही.

तुझ्या पाठीशी असलेली,
अरुणा

*

भेस्तान, सुरत
९ फेब्रुवारी २०२५

अक्का! आधी तुमच्या पाया पडते, मग सांगते.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ह्यांना सांगितलं. मी बोलत होते आणि रडत होते, हे ऐकत होते. सगळं ऐकलं आणि हसायला लागले. अक्का, इतके हसले की खोकला आला! म्हणाले, "म्हणजे सहा महिने मीच गेलो कॉलेजला?" मग पाणी प्यायले. म्हणाले, "आज मी झोपत नाही."

पावणेचारला त्यांनी दाढी केली, दिवाळीचा शर्ट घातला आणि माझ्या शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "अहो, तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "नाव माझं दिसतं ना तिथे? मग मी नको?"

मी कॅमेरा सुरू केला. मॅडम म्हणाल्या, "अरे वा! दीपक म्हणजे तुम्ही आहात होय? मला वाटायचं, बायकांच्या वर्गात हा कोण भाऊ येऊन बसतो!" मी नुसता पदर सावरत राहिले. ह्यांनी कोपराने ढोसलं. मग मी बोलले. तांदळाच्या ताटापासून सुरुवात केली, अक्का, काहीच सुचेना म्हणून. मग मार्कशीट, मग चाळीसगावची गौरी, सगळं. ती गौरी मध्येच ओरडली, "मॅडम, मी म्हणत होते ना, माझ्या नावाला दोनदा हजर कोण म्हणतंय!" सगळ्या हसायला लागल्या. मीही रडत रडत हसले.

मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला तुमचं पटतंय, पण प्राचार्यांना मी काय सांगू? तुम्ही इथे होतात ते मला कळू दे." मग मी सांगत सुटले. मॅडम, मातीचा पाठ झाला त्या दिवशी तुमच्या कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही 'एक मिनिट' म्हणून गेलात. गोष्ट कशी सांगायची ते शिकवलंत तेव्हा तुमचा घसा बसला होता, तुम्ही ससा होऊन बोललात तर आवाज सिंहाचा आला. मुलाला "असं करू नको" म्हणण्याऐवजी काय करायचं ते सांगा, हे तुम्ही दिवाळीच्या आधी सांगितलंत, आणि भुसावळच्या ताईंनी त्यावर विचारलं की नवऱ्यालाही चालेल का. मग वही दाखवली. मॅडमनी विचारलं, "आणि ही दुसरी वही कसली?" मी म्हटलं, "ही कुसुमची. ती येत नव्हती ना, म्हणून तिच्यासाठी लिहून ठेवली होती."

अक्का, मॅडमनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

त्या प्राचार्यांना लिहिणार आहेत. प्राचार्य काय म्हणतील ते अजून ठाऊक नाही, त्यांनी हो म्हटलं तरच परीक्षा. पण आता माझी भीती गेली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी हाक मारली, "कुसुम", आणि खरं सांगू, मी परत गप्प! सवयच नाही. हे पांघरुणातून ओरडले, "अवं, तुलाच बोलावताय!"

तुमची गौरी

*

पारोळा,
२० एप्रिल २०२५

गौरी, तुझं कार्ड पोहोचलं. परवानगी आली! मी कार्ड देवापुढे ठेवलं आणि शेजारपाजारी सगळ्यांना वाचून दाखवलं. प्राचार्यांना मी ओळखत नाही, पण माणूस भला दिसतो.

आता परीक्षेच्या आधी आठ दिवस माझ्याकडे ये. मयुरीची दहावी झाली आहे, ती बापाला जेवायला घालेल. इथे तू एकही भांडं उचलायचं नाहीस. सकाळी तीन तास पेपर लिहायचा, घड्याळ लावून, आणि मी तपासणार. जळगावला मी तुझ्याबरोबर येणार, बाहेर झाडाखाली बसणार. नको म्हणू नकोस. माझे किती विद्यार्थी परीक्षेला बसले, पण घरातलं कुणी बसलं नव्हतं.

एक विचारायचं होतं. माझ्या तोंडात गौरीच बसलं आहे. तुला आता ते खुपतं का? खुपत असेल तर सांग, मी या वयातही जीभ वळवीन.

अरुणा

*

भेस्तान, सुरत
१७ जून २०२५

अक्का,

फोन करणार होते. पण तुमचा नियम मोडायचा नाही असं ठरवलं, आणि आता तर लिहायला आवडतं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, जे तिथे तुमच्या समोर मला देता आलं नाही. गौरी मला खुपत नाही. गौरी म्हणून मी तुम्हाला मिळाले, मयुरी मिळाली. तुम्ही गौरीच म्हणा. पेपर लिहून बाहेर आले आणि तुम्ही झाडाखालून धावत आलात, तेव्हा "गौरे" म्हणूनच मिठी मारलीत ना? तेवढं मला जन्मभर पुरेल.

आता काल सकाळचं सांगते. हे रातपाळी करून येत होते, फोन त्यांच्याजवळ. मी घरात कणीक मळत होते. बालवाडी उघडायला एक आठवडा राहिला होता, प्रमिलाबाईंनी सामान बांधलं होतं, आणि मंडळाचे लोक रोज विचारत होते की रिझल्ट आला का. माझा जीव टांगणीला. जेवण जात नव्हतं.

अक्का, इतकी वर्षं झाली लग्नाला, तुमच्या भावाने मला नावाने हाक मारलेली तुम्ही तरी कधी ऐकली आहे? "अवं", नाहीतर "मयुरीनी माय". मी गौरी आहे हे त्यांनी त्या ताटात एकदा लिहिलं, तोंडाने कधी म्हटलं नाही. आमच्यात म्हणत नाहीत, मीही कधी मनाला लावून घेतलं नाही.

तर काल खालून जोरजोरात ओरडणं ऐकू आलं. "कुसुम! ए कुसुम! पास व्हयनी तू! कुसुम!" अख्खी चाळ गॅलरीत आली. लोक खाली वाकून बघायला लागले की हा दीपकभाऊ सकाळी सकाळी कोणत्या बाईला हाका मारतोय. शेजारची प्रिया, ती बनारसची, माझ्या दारात आली. बिचारीचं तोंड उतरलं होतं. हळूच म्हणाली, "भाभी, भैया नीचे किसी कुसुम को बुला रहे हैं।"

मी कणकेचे हात तसेच घेऊन उठले.

"मुझे ही बुला रहे हैं," म्हटलं, आणि जिना उतरले.

तुमची
गौरी